नऊ नंबरचा सेल: एका दूध संकलन केंद्रातील बीएमएसच्या जोडणीचे प्रकरण

मे २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात पाटण तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा मला फोन आला. केंद्रात मार्चमध्ये बसवलेली लिथियमची नवी बॅटरी संध्याकाळी ऐन दूध घेण्याच्या वेळी अचानक बंद पडत होती. बसवणाऱ्याने आधी एकदा बीएमएस, म्हणजे बॅटरीतल्या सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट, बदलून दिला होता, पण चार दिवसांनी त्रास पुन्हा सुरू झाला. बंद पडताना मोबाईलवरच्या ॲपमध्ये दर वेळी नवव्या सेलचाच आकडा लाल होत असे. त्यामुळे आता तो सेलच खराब आहे असे ठरले होते आणि नव्या सेलची मागणीही गेली होती. "सेल येईपर्यंत तुम्ही एकदा नजर टाकून जावा," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

नववा सेल चांगला होता आणि दोन्ही बीएमएसही चांगले होते. तरीही मी पोचलो तेव्हा नवव्या सेलमध्ये बाकीच्यांपेक्षा सुमारे ७ अँपिअर-तास चार्ज कमी होता, आणि तो बीएमएसनेच हळूहळू काढून टाकला होता. जोडणीतल्या एका चुकीमुळे बीएमएसला खोटे व्होल्टेज दिसत होते. त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून त्याने दोन महिने इमानेइतबारे चुकीचे काम केले.

मांडणी

केंद्रात पूर्वीपासून ३ केव्हीएचा सोलर इन्व्हर्टर, छपरावर ३३० वॅटची आठ पॅनेल आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या होत्या. दूध थंड करण्याची मोठी टाकी थ्री-फेजवर आणि जनरेटरवर चालते, तिचा इन्व्हर्टरशी संबंध नाही. फॅट मशीन, वजनकाटा, संगणक, प्रिंटर आणि दिवे मिळून इन्व्हर्टरवर जेमतेम ४०० वॅटचा भार असतो. मात्र संध्याकाळी किटल्या धुण्यासाठी पाणी तापवायला १,५०० वॅटचा रॉड लागतो आणि तोही याच लाइनवर आहे. वळिवाच्या दिवसांत त्या भागात वीज गेली की दोन-दोन, तीन-तीन तास येत नाही.

ट्युब्युलर बॅटऱ्या थकल्यावर त्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० अँपिअर-तासांचे सोळा सुटे सेल एकापुढे एक जोडून बॅटरी बांधण्यात आली. एका सेलचे ३.२ व्होल्ट धरले तर सोळांचे ५१.२ व्होल्ट आणि साठा ५.१२ युनिटांचा होतो. सेल पत्र्याच्या पेटीत दोन मजल्यांवर ठेवले होते: खाली एक ते आठ, वर नऊ ते सोळा. प्रत्येक मजल्यावर शेजारच्या सेलना जोडणारे तयार बसबार होते. खालच्या आठव्या सेलच्या पॉझिटिव्हपासून वरच्या नवव्या सेलच्या निगेटिव्हपर्यंत सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची केबल होती. हिला या लेखात जम्पर म्हणू, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते.

या सेलचे व्होल्टेज ३.६५च्या वर आणि २.५च्या खाली जाऊ द्यायचे नसते. पण इन्व्हर्टरला फक्त सोळांची बेरीज कळते. बेरीज व्यवस्थित असतानाही एखादा सेल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणारा बीएमएस लागतो. इथला बीएमएस १०० अँपिअरचा होता. त्याची एक जाड वायर, बी मायनस, पहिल्या सेलच्या निगेटिव्हवर येते आणि दुसरी, पी मायनस, इन्व्हर्टरकडे जाते. या दोहोंच्या मध्ये मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात. धोका दिसला की ते उघडतात आणि वाट बंद होते. लक्ष ठेवण्याचे काम मात्र सतरा बारीक वायरी करतात. पहिली, म्हणजे बी शून्य, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर असते आणि पुढच्या सोळा एकेका सेलच्या पॉझिटिव्हवर. लागोपाठच्या दोन वायरींमधला फरक म्हणजे त्या सेलचे व्होल्टेज, असे बीएमएस गृहीत धरतो. त्याला सेल दिसत नाही, वायरींची टोके दिसतात. त्या दोन टोकांच्या मध्ये सेलखेरीज जे काही असेल, तेही तो सेलच्याच खात्यावर मांडतो.

आधी दुपारी, मग संध्याकाळी

पेटी उघडण्याआधी मी सचिवांना, म्हणजे आबांना, सुरुवातीपासूनची हकीकत विचारली. बहुतेक लोक शेवटचा बिघाड तेवढा सांगतात. आबांनी मात्र नोंदवहीच पुढे केली, कारण संस्थेत जनरेटरचे डिझेल लिहून ठेवावे लागते. मार्चअखेरीस बॅटरी दुपारी बारा-एकच्या सुमारास तक्रार करत होती. कडक ऊन असताना चार्जिंग तुटायचे आणि इन्व्हर्टर बॅटरी ओव्हर-व्होल्टेजची सूचना देऊन थांबायचा. बीएमएस बदलला तो याच काळात. एप्रिलच्या मध्यानंतर दुपारचा त्रास आपोआप थांबला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून संध्याकाळचा सुरू झाला.

"आपोआप बरं झालं म्हणून आम्ही गप बसलो," आबा म्हणाले.

माझ्या दृष्टीने ही नोंद ॲपमधल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाची होती. ज्या सेलची धारणशक्ती खरोखर कमी झाली आहे, तो चार्ज होताना सर्वांच्या आधी भरतो आणि वापरताना सर्वांच्या आधी रिकामा होतो, आणि हे दोन्ही त्रास सोबतच राहतात. इथे एक त्रास गेला आणि मग दुसरा आला. म्हणजे सेलच्या शक्तीत नव्हे, त्याच्यातल्या चार्जच्या पातळीत काहीतरी सरकत गेले होते. शिवाय बीएमएस बदलूनही बोट नवव्या सेलवरच राहिले होते. नवा बीएमएस जुन्याच वायरींच्या टोकांवर बसला होता, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

मोजमाप

भार नसताना ॲपमध्ये सोळाही सेल ३.३१ ते ३.३२ व्होल्टच्या दरम्यान होते आणि नववा त्यांच्यातच मिसळून गेला होता. यावरून काहीही ठरत नाही. या जातीच्या सेलचे व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते, त्यामुळे स्वस्थ बसलेल्या बॅटरीत सात-आठ टक्क्यांचा फरक सहज लपून राहतो.

मग रॉड सुरू करायला सांगितला. तपासणीसाठी असा भार उत्तम, कारण तो एकसारखा राहतो. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर करंट ४० अँपिअर आला. (साधा टाँग टेस्टर इथे उपयोगाचा नाही, तो फक्त एसी दाखवतो.) ॲपमध्ये पंधरा सेल ३.२३ ते ३.२४वर स्थिर झाले आणि नववा एकटा ३.१५वर घसरला. रॉड बंद केला की तो क्षणात पुन्हा रांगेत, सुरू केला की पुन्हा खाली. अशक्त सेल भार काढल्यावर सावरायला वेळ घेतो. स्विचबरोबर उडी मारणारा आकडा दिसला की मला आधी जोडणीतल्या रोधाचा संशय येतो.

संशय फिटायला एक मिनिट पुरले. मल्टिमीटरची टोके नवव्या सेलच्या टर्मिनलवरच टेकवली, बसबारवर किंवा केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या थिंबलवर नाही. आकडा आला ३.२३. म्हणजे सेल बाकीच्यांसारखाच होता, ॲप मात्र त्याच क्षणी ३.१५ सांगत होते. मग एक टोक आठव्या सेलच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे नवव्याच्या निगेटिव्हवर ठेवले, म्हणजे फक्त जम्परच्या दोन टोकांवर. मीटरने ८१ मिलिव्होल्ट दाखवले. ४० अँपिअरला ८१ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २ मिलिओहम. आठव्या क्रमांकाची बारीक वायर आठव्या सेलच्या टर्मिनलवर बसवलेली होती, म्हणून जम्परमध्ये हरवलेले सगळे व्होल्टेज नवव्या सेलच्या मापात जात होते.

नुसत्या केबलला इतका रोध असत नाही. ती १६ चौरस मिलिमीटरची होती. तिच्या ४० सेंटिमीटर तांब्याचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आत येतो, आणि मोजल्यावर केबलच्या वाट्याला १८ मिलिव्होल्टच आले. उरलेले दोन थिंबलमध्ये होते, एकीकडे २७ आणि दुसरीकडे ३६. स्लीव्ह मागे सरकवल्यावर कारण उघड झाले. २५ चौरस मिलिमीटरची थिंबल १६च्या केबलला घातली होती आणि ती पक्कड व हातोड्याने चेपली होती. छिन्नीचा एक ओरखडाही तिच्यावर होता. बोटांनी जरा ओढल्याबरोबर तांब्याचे चार धागे सुटून माझ्या हातात आले. अर्धा तास रॉड चालल्यावर ते टोक चांगले गरम लागत होते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत हे टोक आणखी काही महिन्यांत काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

खोट्या मापातून खरा असमतोल

इथे थांबून नवा जम्पर लावला असता, तर खोटे माप गेले असते, पण तक्रार राहिली असती. या प्रकरणातला खरा धडा इथेच असल्यामुळे तो थोडा सविस्तर मांडतो.

जम्परमधला व्होल्टेजचा फरक करंटच्या दिशेबरोबर उलटतो. बॅटरी वापरात असताना नववा सेल खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि चार्ज होताना तितकाच जास्त दिसतो. दुपारच्या उन्हात ३८ अँपिअरने चार्जिंग चालले की बाकीचे सेल ३.३८च्या आसपास असताना नववा ३.४५च्या वर दिसायचा. आता या बीएमएसची सेटिंग अशी होती की चार्जिंग चालू असताना एखादा सेल ३.४० व्होल्टच्या वर गेला आणि इतरांपेक्षा १० मिलिव्होल्टने पुढे असला, की त्या सेलवर एक छोटा रेझिस्टन्स लावून त्याचा चार्ज जाळायचा. यालाच पॅसिव्ह बॅलन्सिंग म्हणतात. हा करंट अगदी नगण्य, सुमारे ५० मिलिअँपिअर. पण रोज दोन-अडीच तास आणि तेही साठ दिवस, असा हिशोब केला की तो ७ अँपिअर-तासांच्या घरात जातो. व्होल्टेजचा सपाट पट्टा इथेही आड आला. नववा सेल खरोखर मागे पडू लागला तरी त्याचे व्होल्टेज फारसे उतरत नव्हते, त्यामुळे बीएमएसला आपली चूक कळण्याचा मार्गच नव्हता.

यावरून नोंदवहीतल्या क्रमाचा उलगडा होतो. मार्चमध्ये नववा सेल इतरांइतकाच भरलेला होता, त्यामुळे दुपारी भरत येताना त्याच्या खऱ्या व्होल्टेजवर जम्परचे ७०-७५ मिलिव्होल्ट चढून तो ३.६५च्या मर्यादेला खोटाच टेकायचा आणि चार्जिंग तुटायचे. इन्व्हर्टर अजूनही ट्युब्युलर बॅटरीच्या सेटिंगवर होता. त्याचे ५७.६ व्होल्ट सोळात वाटले की प्रत्येकी ३.६० येतात, म्हणजे मर्यादेपर्यंत जागाच थोडी. एप्रिलपर्यंत बीएमएसने नवव्या सेलचा बराच चार्ज काढून टाकल्यामुळे तो दुपारी मर्यादेपर्यंत पोचेनासा झाला. आबांना जे बरे होणे वाटले, ते प्रत्यक्षात बिघाडाचे पुढचे पाऊल होते. मेमध्ये संध्याकाळी वीज जाऊ लागली, बॅटरी खोलवर वापरली जाऊ लागली, आणि आधीच मागे असलेला नववा सेल सर्वांच्या आधी तळाला लागला. त्यात रॉडच्या भाराखाली ८० मिलिव्होल्टची खोटी घसरण. बीएमएसने २.८० व्होल्टवर वाट बंद केली, तेव्हा बाकीचे पंधरा सेल आरामात ३.१५च्या वर होते.

पुन्हा जोडणी

सकाळचे दूध साडेआठला संपते आणि संध्याकाळचे पाचला सुरू होते, म्हणून दुसऱ्या दिवशी नऊ ते चार एवढाच वेळ हातात होता. पॅनेलचा आणि बॅटरीचा आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच) बंद करून सर्वप्रथम सतरा वायरींचा कनेक्टर बीएमएसमधून काढला, मग पी मायनस आणि सगळ्यात शेवटी बी मायनस. हा क्रम पाळणे आवश्यक आहे. कनेक्टर लागलेला असताना बी मायनसचा नट सैल झाला, तर मुख्य करंट बी शून्याच्या बारीक वायरीतून वाट काढतो. ती वायर जळते, आणि बहुधा तिच्यासोबत बीएमएसचा बोर्डही. पाना मुठीच्या टोकापर्यंत इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला होता आणि हातातली अंगठी खिशात होती. सोळा सेलच्या शॉर्टमधून हजारो अँपिअर वाहू शकतात, आणि तिथे बीएमएस मध्ये पडत नाही, कारण तो मार्ग त्याच्यातून जातच नाही.

जम्परच्या जागी आधी तांब्याची पट्टी वाकवून बसवण्याचा विचार होता. पण वरचा मजला पत्र्याचा, सेलच्या वजनाने थोडा लवणारा. ताठ पट्टीने तो ताण थेट सेलच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवर आला असता. म्हणून ३५ चौरस मिलिमीटरच्या, ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन लवचीक केबल समांतर बसवल्या आणि त्यांच्या थिंबल योग्य मापाच्या घेऊन हायड्रॉलिक क्रिम्परने दाबल्या. आठव्या क्रमांकाची बारीक वायर जम्परच्या कोणत्या टोकाला लावावी, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बिनचूक उत्तर नाही. खालच्या टोकाला लावली तर जम्परचा रोध नवव्या सेलच्या माथी जातो, वरच्या टोकाला लावली तर आठव्याच्या. काही बीएमएसमध्ये अशा जोडणीचा रोध नोंदवून वजा करण्याची सोय असते, पण तिच्या आधारावर वाईट थिंबल खपवून घेणे मला पटत नाही. जम्पर इतका जाड आणि आखूड करावा की वायर कुठेही लावली तरी फरक पडू नये.

उरलेल्या जोडण्याही तपासल्या. तिसऱ्या आणि अकराव्या सेलवर बारीक वायरीची थिंबल टर्मिनल आणि बसबार यांच्या मध्ये दाबलेली सापडली. त्यामुळे बसबार टर्मिनलवर सपाट टेकत नाही आणि मुख्य करंटला त्या पातळ थिंबलमधून जावे लागते. क्रम असा हवा: टर्मिनल, त्यावर बसबार, त्यावर बारीक वायरीची थिंबल, मग वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि बोल्ट. टर्मिनलवरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर घासून काढला, ऑक्साइडविरोधी पेस्टचा पुसटसा हात दिला, आणि सेलच्या माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळले. अंदाजाने जोर लावणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचे आटे उपटलेले मी पाहिले आहेत, आणि आटा गेला की सेल गेला.

जुन्या वायरींवर कागदी चिकटपट्टीचे आकडे होते, त्यांतले निम्मे दमट हवेने गळून पडले होते. वायरी पेटीच्या पत्र्याच्या धारेवरून नेलेल्या होत्या आणि दोन ठिकाणी आवरण खरवडलेले होते. या वायरी दिसायला बारीक असल्या तरी त्यांच्यामागे पूर्ण बॅटरी उभी असते. म्हणून नवा जुडगा बांधला, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना छापील नंबराच्या स्लीव्ह घातल्या आणि सगळा जुडगा नळीतून, धारेपासून लांब नेला.

एवढे करूनही चूक झाली, आणि ती माझ्या हातून. कनेक्टर बीएमएसमध्ये घालण्याआधी मी तो टेबलावर ठेवून लागोपाठच्या दोन-दोन पिनांवर मीटर धरतो. ३.३, ३.३, ३.३ असे अकराव्यापर्यंत आले. बाराव्याला मीटरने ६.६ दाखवले, तेराव्याला उणे ३.३ आणि चौदाव्याला पुन्हा ६.६. बारा आणि तेरा या पिनांची अदलाबदल झाली होती. स्लीव्हवरचे आकडे बरोबर होते, कनेक्टरमध्ये पिना घालताना माझे लक्ष आबांच्या बोलण्याकडे होते. कनेक्टर तसाच आत गेला असता, तर त्या चॅनेलवर उलटे व्होल्टेज येऊन तिसरा बीएमएस मागवावा लागला असता. पिना काढून बदलल्या आणि सगळे माप पहिल्यापासून पुन्हा घेतले. आबा खुर्ची घेऊन जरा दूर जाऊन बसले.

मग उलट क्रमाने जोडणी: आधी बी मायनस, नंतर कनेक्टर, शेवटी पी मायनस. तापमानाचा सेन्सर पेटीच्या झाकणाजवळ लोंबकळत होता आणि हवेचे तापमान सांगत होता. तो वरच्या मजल्यावर मधल्या दोन सेलच्या फटीत घट्ट बसवला, कारण उष्णता तिथे कोंडते. आणखी एक गोष्ट निस्तरली. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर घरगुती एसी एमसीबी लावला होता. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येत नाही, आणि असा एमसीबी तुटताना आतल्या आत पेटत राहू शकतो. त्याच्या जागी डीसीसाठीचा फ्यूज आणि डीसीचाच आयसोलेटर आला.

सुरुवात आणि सेटिंग

कनेक्टर लावूनही पी मायनसवर व्होल्टेज आले नाही आणि आबांचा चेहरा पडला. बरेच बीएमएस नव्याने जोडल्यावर झोपलेलेच असतात. त्यांना बटण दाबून किंवा चार्जर लावून जागे करावे लागते. बटण दाबल्यावर ॲपमध्ये सोळाही सेल दिसले. आयसोलेटर सरळ ओढण्याचा मोह इथेही टाळावा लागतो. इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर रिकामे असतात आणि पहिल्या क्षणी ते शॉर्टसारखे वागतात. ठिणगी उडते ती वेगळीच, पण बीएमएसही शॉर्ट समजून वाट तोडतो आणि नवीन माणूस पुन्हा बीएमएसवर संशय घेतो. मी आयसोलेटरच्या दोन टोकांवर ४७ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टन्स पाच सेकंद धरला. ५३ व्होल्टला पहिला करंट सव्वा अँपिअरच्याही आत राहतो. कपॅसिटर भरल्यावर आयसोलेटर ओढला, तो आवाजही न करता बसला.

इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार ट्युब्युलरवरून वापरकर्त्याने ठरवलेल्या प्रकारावर नेला. चार्जिंग ५६.० व्होल्टवर, फ्लोट (भरल्यानंतर टिकवायचे व्होल्टेज) ५४.० वर, भार तोडण्याची मर्यादा ४२ ऐवजी ४८.० व्होल्टवर, आणि ट्युब्युलरसाठीचे इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणे, पूर्ण बंद. बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे, रोजची मर्यादा इन्व्हर्टरने पाळावी. बॅलन्सिंग आता ३.४५च्या वरच सुरू होईल असे केले, म्हणजे सपाट पट्ट्यात उगाच जाळपोळ होणार नाही.

आता फक्त नवव्या सेलची सात टक्क्यांची तूट भरून काढायची राहिली होती. बीएमएसवर सोडले असते तर त्याला बाकीच्या पंधरा सेलमधला तेवढाच चार्ज ५० मिलिअँपिअरने जाळावा लागला असता, म्हणजे १४० तास बॅलन्सिंग. तेही दिवसातल्या ज्या थोड्या वेळात बॅटरी भरत आलेली असते त्या वेळातच. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी पूर्ण भरू दिली, आयसोलेटर उघडला, पॉवर सप्लाय आधीच ३.६० व्होल्टवर बांधून घेतला आणि तो फक्त नवव्या सेलच्या टर्मिनलवर लावला. १० अँपिअरने सुमारे चाळीस मिनिटे चार्ज घेतल्यावर करंट उतरू लागला. सप्लायच्या मीटरवर ६.९ अँपिअर-तास नोंदले गेले होते. वहीतल्या हिशोबाशी तो आकडा इतका जुळला की मलाच थोडे नवल वाटले.

त्याच संध्याकाळी रॉड लावून पुन्हा माप घेतले. ४० अँपिअरला जम्परवर ४ मिलिव्होल्ट होते, आणि सोळा सेलमधले सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांत ११ मिलिव्होल्टचे अंतर.

हे काम करणाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. त्याच्याकडे क्रिम्पर नव्हता आणि मिलिव्होल्ट मोजायला त्याला कुणी शिकवले नव्हते. २०२२मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्यानंतर वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२पासून त्याचा पहिला टप्पा लागू झाला. पण ते वाहनांपुरते आहे. सुट्या सेलपासून जागेवर बांधलेली अशी बॅटरी तपासायला कुणी येत नाही, बांधणाऱ्याने स्वतःच मीटर लावला तरच तिची तपासणी होते. मी त्याला फोन करून सगळे आकडे सांगितले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो क्रिम्पर कुठे मिळतो हाच.

जुलैमध्ये आबांनी ॲपचा फोटो पाठवला. आदल्या रात्री पावसात वीज गेली होती आणि बॅटरीने सकाळपर्यंत साथ दिली होती, पण त्यांनी पाठवले होते ते वेगळ्याच कारणासाठी. फोटोत चौथ्या सेलभोवती बोटाने लाल गोल काढलेला होता. "मिस्त्री, आता चार नंबर गेला का?" ॲप सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलला नेहमीच वेगळा रंग देते. चौथा सेल बाकीच्यांच्या ३ मिलिव्होल्ट मागे होता. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तो मान तेराव्या सेलकडे गेला होता.